खांद्यापासून मनगटापर्यंत

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माणूस समोर दोन्ही हात पसरून उभा राहतो. विडी पेटवता येत नाही, मान खाजवता येत नाही, इकडंतिकडं सरकता येत नाही. मग उरलं काय? तोंड! हात अडकले की माणूस बोलायलाच लागतो. सासू कशी आहे, भाऊ कसा वागतो, कुठं दुखतं, कुणावर राग आहे, सगळं पाच मिनिटांत बाहेर! अशी बारा वर्षं मी दिग्रसला किसनमास्तरांच्या दुकानात काढली. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली मशीनवर बसलो, आणि उठलो तेव्हा महाराष्ट्र होऊनही बरीच वर्षं झाली होती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, कोपऱ्यात कोळशाची इस्त्री. मास्तर माप घेऊन मोठ्यानं आकडा बोलायचे, त्यांची मुलगी इंदू तो वहीत लिहायची. कापड कापायचे मास्तर, शिवायचो मी. डोकं तापट माझंच, हे आधीच सांगून ठेवतो. मास्तर कधी आवाज चढवायचे नाहीत.

०

धनराजशेठचं जिनिंग होतं आणि पोटही जिनिंगच्या मालकाला शोभेलसं होतं. पुतण्याच्या लग्नासाठी बंद गळ्याचा कोट शिवायला आले. मास्तरांनी कमरेला टेप लावला आणि शेठनी पोट आत ओढलं. श्वास धरून, छाती फुगवून, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर!

बहुतेक गिऱ्हाइकं असंच करतात. दुसरा शिंपी असता तर मनातल्या मनात दोन इंच वाढवून मोकळा झाला असता. मास्तर अंदाजानं काही धरत नसत. ते टेप कमरेभोवती तसाच ठेवून गप्प उभे राहिले. शेठचा चेहरा लाल व्हायला लागला. मी मशीन थांबवली. इंदू पेन्सिल धरून बसलेली.

शेवटी शेठ कसेबसे म्हणाले, “मास्तर, घ्या ना लवकर!”

“मी थांबलो हाव शेठजी. तुमी दम सोडा.”

“सोडलाच आहे की!”

“बरं. मंग सांगा, लग्नात जेवाले काय काय हाय?”

शेठनी सांगायला तोंड उघडलं आणि पोट आपल्या जागेवर आलं. “बेचाळीस,” मास्तर बोलले, इंदूनं लिहिलं.

शेठ ओशाळले. म्हणाले, “अडतीस लिहा हो. लग्नापर्यंत कमी करतो मी.”

“शेठजी, कोट आजच्या पोटाले शिवतो. उद्याच्या पोटाले उद्या या!”

०

आता इंदूबद्दल सांगायला हवं, कारण त्या घरात काळजी म्हणून होती ती तिचीच.

लहानपणी ती मोठ्या दुखण्यातून उठली, पण पाठ जराशी वाकली आणि डावा खांदा दोन बोटं खाली बसला. बाकी पोरगी सोन्यासारखी. सातवी पास, अक्षर छापल्यासारखं, आणि मास्तरांच्या हाताखाली माप घेण्यात इतकी तयार की बायकांची मापं तीच घ्यायची. वीस वर्षांची होत आली होती. त्या काळी वीस म्हणजे लोक बोटं दाखवायला लागायचे. पोरीचं लग्न व्हावं, आणि जिथं होईल तिथं तिनं मान खाली घालून राहू नये, एवढंच मास्तरांना जगात हवं होतं. मला त्यांनी हे दहादा सांगितलं असेल, आणि प्रत्येक वेळी कापडावर खडूनं रेघ ओढत.

पुसदकडचे लोक पाहायला आले तेव्हा मी दुकानातच होतो. नवऱ्या मुलाची आत्या इंदूच्या मागे गेली आणि मंडईत वांगं दाबून पाहावं तसा तिचा खांदा दाबून पाहिला. भर लोकांत! मी हातातली कैची टेबलावर आपटली. मास्तरांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

चार दिवसांनी निरोप आला, “पत्रिका जुळत नाही.”

मास्तरीणबाई चुलीपुढं बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “पण आपन पत्रिका देल्लीच कुठी?”

०

फुलसावंगीकडच्या एका शेतकऱ्याचा किस्सा सांगतो. तेव्हा खेड्यातल्या बायका मापासाठी दुकानात येत नसत. घरीच सुतळीनं माप घ्यायच्या, जिथं माप संपेल तिथं गाठ मारायच्या आणि सुतळी नवऱ्याच्या हाती द्यायच्या. चोळीच्या सुतळीला चार गाठी. छाती, खांदा, दंड आणि बाहीची लांबी. त्यातली कोणती गाठ कशाची हे कुणी सांगावं लागत नसे, तिचं तिचं ठरलेलं असायचं.

हा गडी बाजाराच्या दिवशी आला. लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली. धोतराच्या सोग्यातून सुतळी काढून मास्तरांना दिली. मास्तरांनी ती टेपाला लावली, एकेक गाठ बोलले, इंदूनं लिहिली. मग थांबले. सुतळीला पाचवी गाठ होती, सगळ्यात लांबवर.

“हे पाचवी कायची?”

“मले काय मालूम? तिनंच मारली. मी इचारलं तर म्हने, शिप्याले समजते.”

मास्तरांनी पुन्हा माप लावून पाहिलं. छातीपेक्षा बरंच मोठं. मला वाटलं, येताना यानं सुतळीनं मिरच्यांचं गाठोडं बांधलं असेल आणि गाठ तशीच राहिली असेल. तसं मी बोललोही. इंदू मात्र मान खाली घालून हसत होती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, मग त्या गड्याकडं.

“भाऊ, चोळी पोटावर येत नसते.”

“मंग?”

“मंग हे गाठ मले नाही, तुले धाडली हाय. तिच्यानं तोंडानं सांगनं झालं नसन.”

तो गडी सुतळीकडं पाहतच राहिला. कापड तिथंच टाकून उठला, पायरीवरून परत आला, सुतळी उचलली आणि गेला. आम्ही दारातून पाहिलं तर पठ्ठ्या पुसदच्या एस्टीमागं धावत सुटला होता. त्याचा बाजार, त्याची पिशवी, सगळं दुकानात राहिलं!

०

एक म्हातारे बाबा दर वर्षी सदरा शिवायला यायचे, पण उंचीचं माप घेऊ द्यायचे नाहीत. जिवंत माणसाचं वरून खालपर्यंत माप घ्यायचं नसतं, ते तिरडीसाठी घेतात, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा वाद घातला. म्हटलं, बाबा, सदरा गुडघ्यापर्यंत, तिरडी डोक्यापासून पायापर्यंत, दोन्हींचा काय संबंध? म्हातारबुवा टोपी घालून निघालेच!

मास्तरांनी त्यांना हाताला धरून परत आणलं. मला म्हणाले, “गणपत, तुले माप पायजे का भांडन?” मग खांद्यापासून कमरेपर्यंत एक माप घेतलं, बाबांना पाणी दिलं, बसवलं, गप्पा मारल्या, आणि पुन्हा उभं करून कमरेपासून गुडघ्यापर्यंत दुसरं घेतलं.

बाबा इंदूला म्हणाले, “पोरी, दोन आकडे एका जागी लेहू नोको हं!”

इंदूनं पान उलटलं आणि दुसरा आकडा मागच्या पानावर लिहिला. तेव्हा कुठं बाबांचा जीव भांड्यात पडला. पुढं तीन सदरे त्यांनी आमच्याकडून असेच शिवून नेले.

०

तांड्यावरून एक बंजारा बाई आली होती. हातभर पांढऱ्या बांगड्या, आरशांची कांचळी. तिचे कपडे तीच शिवणार, त्यात शिंप्याचं काम नाही. तिला लेकासाठी सदरा हवा होता. लेक चांद्याकडं कोळशाच्या खाणीत लागला होता, दोन वर्षं घरी आला नव्हता. गावचा एक माणूस तिकडं जाणार होता, त्याच्या हाती धाडायचा होता.

“याडी, माप कुठी हाय?” मास्तरांनी विचारलं. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, मास्तर तांड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना याडीच म्हणायचे.

“माप नाही. जुना सदराबी नाही. थो घालून गेला.”

“मंग कसं करावं?”

मी म्हणालो, अंदाजे छत्तीसचा शिवून देऊ. माझं नेहमीचं! मास्तरांनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. ते म्हणाले, “याडी, जाताना पोराले पोटाशी धरलं होतं का?”

“धरलं ना बापू.”

“कसं धरलं होतं?”

बाईनं दोन्ही हात पुढं केले, गोल केले, डावं मनगट उजव्या हातात धरलं. डोळे मिटले. हात थोडे सैल केले, पुन्हा थोडे आवळले, आणि एका जागी आणून थांबवले. मास्तर पुढं झाले आणि त्यांनी त्या हातांच्या आतून टेप फिरवला, मधे काही नसताना, हळूहळू, कुणाच्या अंगाला धक्का लागू नये असा.

“चौतीस,” ते म्हणाले. “इंदू, लेह्य.”

इंदूला ते लिहायला वेळ लागला. तिनं दोनदा पदर डोळ्यांना लावला. मला स्वतःला कापडावरची रेघ दिसेना, हे खोटं कशाला सांगू!

बाई गेल्यावर मी म्हटलं, “मास्तर, हेबी अंदाजेच झालं ना?”

“गणपत, याच्यापरीस पक्कं माप माह्या हातून आजवर झालं नाही.”

होळीला तो पोरगा आईबरोबर दुकानात आला, अंगात तोच सदरा. छातीला, पाठीला, काखेत, कुठं म्हणून चुणी नाही. बाह्या तेवढ्या इंचभर आखूड झाल्या होत्या. मास्तरांनी त्या तिथंच उसवायला घेतल्या. म्हातारी सारखी म्हणत होती, राहू द्या, चांगल्या हायेत.

०

धनराजशेठ उद्याच्या पोटाला उद्या या म्हटल्यावर खरंच येत राहिले. दर दिवाळीला एक कोट. बेचाळीस, त्रेचाळीस. मग एका वर्षी एकोणचाळीस. आम्ही म्हटलं, वा शेठजी! पुढच्या पाडव्याला पस्तीस. तेव्हा कुणी वा म्हटलं नाही.

त्या वेळी शेठ टेप लावल्यावर पोट बाहेर काढून उभे राहिले. जोर लावून, घाम येईस्तोवर. मास्तर या वेळीही थांबले, पण त्यांनी दम सोडा म्हटलं नाही. जेवणाचंही विचारलं नाही. शेठचा दम आपोआप संपला तेव्हा हलक्या हातानं माप घेतलं. आकडा मोठ्यानं बोललेच नाहीत, इंदूला टेप दाखवला. तिनं पाहून लिहिला.

कोटाला आतून तीन थर अस्तर घातलं. वरून पाहणाऱ्याला शेठ होते तसेच दिसायचे. बाजारात, जिनिंगमधे, कुणाला काही कळलं नाही.

महिन्याभरानं शेठचे धाकटे भाऊ दुकानात आले. मागच्या कोटांची मापं दाखवा म्हणाले. “भैया की तबियत का कुछ समझ में नहीं आता. बोलतच नाहीत. तुमच्या वहीत सगळं असेल.”

“हाय ना,” मास्तर म्हणाले. “पन थे त्यायचं माप हाय. त्यायलेच इचारा.”

भाऊ चिडले. वही आमच्या समोर आहे, घरातलाच माणूस विचारतोय, आणि हा शिंपी एवढा शिष्टपणा करतो! दिग्रसमधे दुसरे शिंपी नाहीत का, असंही बोलून घेतलं. मास्तर हात जोडून उभे. ते गेल्यावर मी म्हटलं, सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला खरंच वाटत होतं, सांगायला हवं होतं म्हणून. अजूनही कधी कधी वाटतं.

मास्तर दुपारचं काम टाकून शेठच्या घरी गेले. काय बोलले ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी शेठ भावाला बरोबर घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेले, एवढं खरं. तिथून ते काही परत आले नाहीत.

०

इंदूला पाहायला आणखी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले. एकांनी काही कळवलं नाही, दुसऱ्यांनी कळवलं ते सांगण्यासारखं नाही. मग फुलसावंगीच्या शाळेत गुरुजी असलेल्या मुलाचं स्थळ आलं. पोरगा वसंता, पंचवीस-सव्वीसचा, स्वभावानं शांत. घरची कोरडवाहू शेती. मास्तरीणबाईंनी दिवसभर वाट पाहिली आणि मास्तर जेवून उठल्याबरोबर विषय काढला.

“या बारीनं पोलक्याच्या खांद्याले कापूस भरा.”

मास्तर हात पुसत राहिले.

“गावात घरं घरं कापूस भरून हाय, अन माह्या पोरीच्या खांद्याले मूठभर नाही भेटत! तुमी वकिलाच्या कोटाले भरता, तहसीलीतल्या कारकुनाले भरता. लोकाच्या खांद्याले चालते, पोरीच्या खांद्याले काहून नाही?”

मी मशीनवर होतो. मास्तरांनी दुकानात येऊन निळं कापड काढून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बसून दोन पोलकी शिवली, एकाच निळ्या कापडाची. एकात डाव्या खांद्याला कापूस भरलेला. दुसऱ्यात दोन खांद्यांची दोन वेगळी मापं, कापड अंगावर बसलं की कुठं चुणी नाही, पण खांदा जसा आहे तसा. दोन्ही इंदूपुढं ठेवली.

“बेटा, तुले पायजे थे घाल. मी काही म्हननार नाही.”

तिनं दोन्ही पोलकी घडी करून पेटीत ठेवली.

आता त्या पोराबद्दल जे आम्हाला ठाऊक होतं ते सांगतो. वर्षभरापूर्वी हाच वसंता आमच्या दुकानात सदरा शिवायला आला होता. लहानपणी बैलगाडीवरून पडला, उजवा हात मोडला. गावच्या माणसानं तो बांधला, पण हाड वाकडं जुळलं आणि हात आखूड राहिला. दुसऱ्या शिंप्यानं दोन्ही बाह्या सारख्या शिवल्या होत्या, त्यामुळं उजवी बाही बोटांवर यायची आणि शाळेतली पोरं हसायची. मास्तरांनी दोन्ही हातांची मापं वेगळी घेतली, इंदूनं वहीत लिहिली. तेव्हापासून दोन्ही कफ बरोबर मनगटावर बसायचे. हात जरा दुमडून ठेवला की कुणाला संशय येत नसे. घरात त्या हाताचं नावही काढायचं नाही, अशी बापाची सक्त ताकीद होती, हेही हात पसरून उभा असताना त्यानंच सांगितलं होतं.

स्थळ आलं त्याच दिवशी मास्तर मला म्हणाले, “गणपत, त्या पोराबद्दल एक अक्षर काढाचं नाही. घरातबी नाही.” मास्तरीणबाईंनाही त्यांनी सांगितलं नाही.

पाहुणे रविवारी सकाळी आले. वसंता, त्याचे वडील, त्यांना सगळे बापू म्हणायचे, आणि मामा. घर लहान, म्हणून दुकानातच बसवलं. कटिंगचं टेबल भिंतीला सरकवलं, सतरंजी टाकली. आतून इंदू पोह्याच्या बश्या घेऊन आली आणि मास्तरीणबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. इंदूनं कापसाचं पोलकं घातलं नव्हतं.

बश्या देऊन ती पाटावर बसली. मामांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मास्तरांना म्हणाले, “पोरगी डाव्या अंगानं झुकते.”

“हाव,” मास्तर म्हणाले. “लहानपनच्या दुखन्यापासून हाय. दोन बोटं. कामाले काही अडचन नाही.”

“कामाचं कोन इचारून राह्यलं? लोकं पायतीन ना! आमचा पोरगा पाहा. सरकारी नोकरी, निर्व्यसनी, अंगात कुठी म्हनून खोट नाही!”

बापूंनी मान डोलावली. पण हात मात्र धोतराच्या सोग्याशी चाळा करत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक वाक्य! माझ्या तोंडात एकच वाक्य आलं होतं आणि ते बोललो असतो तर मामाची जीभ टाळ्याला चिकटली असती. मास्तर माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. समोर त्यांची पोरगी पाटावर मान खाली घालून बसलेली, दारात बायको रडू दाबत उभी, आणि हा माणूस गप्प!

“मास्तर, राग मानू नोका,” मामा उठायच्या बेतात म्हणाले, “पन सरळ पोराले सरळ पोरगी...”

“मामा, बसा जरा,” वसंता म्हणाला.

तो स्वतः उठला. खुंटीवरचा टेप काढून मास्तरांच्या हातात दिला. मग दुकानाच्या मधोमध जाऊन दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तसा.

“मास्तर, बाहीचं माप घ्या. मोठ्यानं बोला.”

“वसंता, खाली बस!” बापू ओरडले.

“घ्या मास्तर.”

मास्तर उठले. डाव्या खांद्याला टेप लावला, मनगटापर्यंत आणला.

“साडेतेवीस.”

मग उजव्या बाजूला गेले. खांद्याला लावला, मनगटापर्यंत आणला. मी दोन हातांवर होतो, मला आकडा दिसत होता. मास्तरांनी टेपाकडं पाहिलं. बापूंकडं पाहिलं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता.

“साडेतेवीस,” मास्तर म्हणाले.

बारा वर्षांत त्यांच्या तोंडून खोटं माप मी तेवढं एकदाच ऐकलं. मामा काही समजल्यासारखे दिसले नाहीत. वसंता हात पसरून तसाच उभा, आणि मास्तर टेपाची गुंडाळी करायला लागले.

तेवढ्यात पाटावरून आवाज आला. मान वर करून, सगळ्यांसमोर, स्पष्ट.

“बाबा, एकवीस.”

मास्तरांच्या हातातली गुंडाळी सुटली. वसंतानं इंदूकडं पाहिलं. मग हात खाली घेतले, उजवा कफ नीट केला आणि वडिलांकडं वळला.

“बापू, साक्षगंधाचा दिवस काढा.”